वाडग्याच्या आतल्या तळासाठी स्क्रॅपर: जाडी, आकार आणि धार यांत काय बघून घ्यावं?

देवरुखचा_लेथ

नमस्कार मंडळी. लेथवर लाकडी वाडगे कातून करतो. एकच स्क्रॅपर (पृष्ठभाग खरवडून साफ करायचं हत्यार) घेण्याइतकं बजेट आहे, म्हणून आधी विचारून घेतो.

लेथ मध्यम आकाराचा (मिडी) आहे, १२ इंच स्विंगचा, म्हणजे १२ इंच व्यासापर्यंतचं लाकूड त्यावर फिरतं, मोटर पाऊण एचपीची, वेग कमी-जास्त करता येतो. लाकूड पकडायला चार जबड्यांचा स्क्रोल चक आहे. लाकूड बहुतेक आंबा आणि फणस, अधूनमधून शिवण. वाडगे २०० ते २५० मिमी व्यासाचे आणि ७० ते ९० मिमी खोल. आतून १२ मिमीचा बाऊल गाउज (पन्हाळीसारख्या पात्याचं कापायचं हत्यार) चालवतो, बेव्हल (धारेमागचा उतार) ५५ अंशांचा.

अडचण एकाच जागी येते. भिंत उतरून तळाकडे वळते तिथे गाउजचे गोल वळे राहतात, आणि त्याच वळणावर समोरासमोर दोन ठिकाणी रेषे उपटलेले दिसतात. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलं तरी वळे पूर्ण जात नाहीत. उलट मऊ भाग जास्त घासला जाऊन तळाला लाटा येतात.

समोर चार पर्याय आहेत: २५ मिमी रुंद, ६ मिमी जाड गोल तोंडाचा एचएसएस (हाय स्पीड स्टील) स्क्रॅपर (स्वस्त), २५ × १० मिमीचा जाड स्क्रॅपर (जवळपास तिप्पट किंमत), गोल कार्बाइड इन्सर्टचं (स्क्रूनं बसवलेल्या छोट्या कठीण पात्याचं) हत्यार, आणि निगेटिव्ह रेक स्क्रॅपर (माथ्यालाही उतार असलेला), ज्याचं नाव सगळीकडे ऐकतो. ग्राइंडर १५० मिमीचा आहे, करड्या दगडाचा. कोणता घ्यावा, आणि का?

---

धारवाला

२५ × १० घ्या. तिप्पट किंमत खटकेल, पण फरक जाडीत आहे आणि जाडीचा हिशोब सरळ गुणाकाराचा नसतो. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ मिमीपेक्षा १० मिमीची पट्टी साधारण साडेचार पट कमी वाकते. ८ आणि १० मध्येही जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा फक्त दुप्पट होतो, म्हणून ३८ मिमी रुंद पण पातळ स्क्रॅपर घेण्यात काही अर्थ नाही. पाऊण एचपीच्या लेथवर ३८ मिमीची धार जरा जास्त टेकली की पट्टा घसरतो, ती अडचण वेगळीच.

टूलरेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) पुढे हत्यार जितकं लोंबतं त्याचाही हिशोब घनाचाच आहे. ३० मिमीऐवजी ६० मिमी पुढे आलं की तेवढ्याच जोराला ते आठपट वाकतं. तळाशी काम करताना सरळ रेस्ट काठाबाहेर ठेवला तर ७०–८० मिमी सहज लोंबतं, आणि ६ मिमीची पट्टी तिथे थरथरणारच. त्या थरथरीच्या खुणा लाकडावर किरणांसारख्या उमटतात आणि गाउजच्या वळ्यांपेक्षा काढायला कठीण जातात. तेव्हा रेस्टचं एक टोक वाडग्याच्या आत घाला, किंवा वाकडा रेस्ट मिळाला तर तो घ्या. लोंबणं ४० मिमीच्या आत ठेवा.

आता आकार. वाडग्याच्या आतल्या कामाला पूर्ण अर्धगोल तोंड लागत नाही. डावीकडे लांब उतरत जाणारी आणि उजवीकडे चटकन संपणारी धार हवी. भिंतीकडून मध्याकडे येताना काम डाव्या बाजूचं असतं. विकत मिळणारा स्क्रॅपर बहुधा सारखा अर्धगोल असतो, तो ग्राइंडरवर स्वतः बदलून घ्या. मुख्य नियम एवढाच, की धारेची गोलाई वाडग्याच्या वळणापेक्षा लहान असली पाहिजे. वळणाची त्रिज्या ६० मिमी असेल तर धारेची ३० ते ४० ठेवा. दोन्ही गोलाया जुळल्या तर सगळी धार एकदम लाकडाला लागते आणि हत्यार आत ओढलं जातं. एका वेळी ५–६ मिमीपेक्षा जास्त धार लाकडाला लागू देऊ नका.

मूठ लांब लागेल: ३५० ते ४०० मिमी, आणि पातं बाहेर २०० मिमीच्या आसपास. कानशीला बसवतात तसली वीतभर मूठ या हत्याराला लावू नका.

स्टील एम-२ एचएसएस पुरेसं आहे. कोबाल्टचं किंवा पावडर मेटलर्जीचं स्टील धार जास्त टिकवतं हे खरं, पण स्क्रॅपरमध्ये काम करते ती धारेवरची बर्र (दगडावर घासताना उठणारी बारीक कड), आणि ती कुठल्याही स्टीलवर पुन्हा पुन्हा काढावीच लागते. पैसे जाडीवर घाला.

---

आडवी_रेष

धारवाला यांनी हत्यार बरोबर सांगितलं. पण उपटलेले रेषे स्क्रॅपरनं बसतील ही अपेक्षा ठेवून घेऊ नका, निराशा होईल.

फळी किंवा ओंडका आडवा धरून वाडगा कातला की लाकडाच्या रेषा फिरण्याच्या अक्षाला काटकोनात असतात. एका फेऱ्यात दोनदा रेषा हत्याराच्या बाजूनं असतात आणि दोनदा त्यांची तोंडं समोर येतात. आतून काठाकडून मध्याकडे कापताना वरचा रेषा खालच्या रेषेवर टेकलेला राहतो, म्हणून कापला जातो. वळण चुकलं, धार बोथट झाली किंवा बेव्हल सुटला की समोरासमोरच्या दोन पट्ट्यांत रेषा कापला न जाता मुळापासून उचकटतो. हे उचकटणं पृष्ठभागाच्या खाली अर्धा-एक मिलिमीटर, कधी जास्तही जातं. स्क्रॅपर त्यावरून फिरवला तर मोकळे झालेले रेषे तो आणखी ओढतो.

तुमच्या बाबतीत बेव्हल सुटतोय असं दिसतं. ५५ अंशांचा गाउज ९० मिमी खोल वाडग्यात उतरवला की मूठ काठाला अडते. मग वळणावर बेव्हल टेकवायला जागाच उरत नाही आणि धार नुसती ओरबाडत जाते. त्यासाठी तळापुरता दुसरा गाउज असावा. जुना, झिजून आखूड झालेला गाउज चालतो. त्याला ६५ ते ७० अंशांचा बेव्हल द्या, पंख (धारेच्या दोन्ही बाजू) जवळजवळ सरळ ठेवा आणि बेव्हलची टाच (मागची कड) घासून दुसरा उतार काढा. टाच राहिली तर आतल्या गोलाईवर ती घासते आणि लाकडावर काळपट चकाकीचा पट्टा पडतो. या गाउजनं वळणापासून मध्यापर्यंत एकच सलग कट घ्या. शेवटचे दोन कट अर्ध्या मिलिमीटरचे, ताज्या धारेनं. त्यानंतर जे बारीक वळे राहतील ते स्क्रॅपरचं काम.

एक फरक लक्षात असू द्या. आपल्याकडे लेथवर पिढ्यान्‌पिढ्या लाटणी, खाटेचे खूर, भोवरे होत आले. त्यात रेषा अक्षाला समांतर असतात, आणि तिथे साधी पटाशी आडवी धरून खरवडलं तरी काम उतरतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी काळ्या कुड्याच्या मऊ, एकसारख्या लाकडात होतात, तीही बहुतेक याच पद्धतीनं. वाडग्यात रेषा आडव्या येतात, म्हणून खराद्याकडे बघून शिकलेली पकड इथे तशीच्या तशी चालत नाही.

---

पोलादपट्टी

कार्बाइडबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्याचा मोठा फायदा म्हणजे ग्राइंडर लागत नाही. धार गेली की स्क्रू ढिला करून इन्सर्ट थोडी फिरवायची. सागात सिलिका असते आणि ती एचएसएसची बर्र पाहता पाहता खाते. साग जास्त कातत असाल तर कार्बाइडचा विचार जरूर करा.

पण तुमच्या तळासाठी मी पहिली पसंती देणार नाही, आणि कारण गणिताचं आहे. गोल धार पुढे सरकत कापते तेव्हा दोन फेऱ्यांच्या मध्ये उंचवटा राहतो. त्याची उंची म्हणजे एका फेऱ्यात सरकलेल्या अंतराचा वर्ग भागिले धारेच्या त्रिज्येची आठपट. १२ मिमी व्यासाच्या इन्सर्टची त्रिज्या ६. हात एका फेऱ्यात २ मिमी सरकला तर उंचवटा साधारण ०.०८ मिमीचा. तेच ३० मिमी त्रिज्येच्या स्क्रॅपरनं केलं तर ०.०२ मिमीच्याही आत. लहान इन्सर्ट हाताची प्रत्येक चूक लाकडावर लिहून ठेवते. मोठी गोलाई दोन-तीन वळ्यांवर एकदम टेकते आणि त्यांचे माथे उतरवते. तुम्हाला वळेच काढायचे आहेत.

तरी करून बघायचं असेल तर घरी बनवता येतं. ईएन-८ (मध्यम कार्बन स्टील) चा १६ मिमी चौकोनी बार, लांबी २५० ते ३०० मिमी. टोकाला इन्सर्टच्या जाडीइतकी खाच मिलिंग करून घ्या, म्हणजे इन्सर्टचा माथा बारच्या माथ्याशी सपाट येईल. इन्सर्टबरोबर येणाऱ्या स्क्रूच्या मापानं आटे पाडा. टोकाचा खालचा भाग इन्सर्टच्या कडेपेक्षा आत घासून घ्या, नाहीतर तळाच्या गोलाईत आधी बारच घासेल. स्टील कापायची आरसीएमटी इन्सर्ट घेऊ नका. तिची कड मुद्दाम बोथट केलेली असते, लाकूड कापण्याऐवजी ती चेपते. अॅल्युमिनियमसाठी घासून चकचकीत केलेली आरसीजीटी घ्या, किंवा सरळ लाकडासाठी बनवलेली. हत्यार आडवं, जमिनीला समांतर धरायचं. या इन्सर्टना कडेला फक्त ७ अंशांचा उतार असतो. मूठ खाली गेली की तो उतार संपतो आणि कड लाकडावर घासायला लागते.

आणि एक विनंती. जुन्या कानशीचा स्क्रॅपर करू नका. कानशीला पाणी इतकं कडक दिलेलं असतं की ती वाकत नाही, मोडते. रेस्टच्या पुढे लोंबवलेली कानस अडकली तर तिचा तुकडा सरळ तोंडाकडे येतो. लहान खुंट्यांवर चालते असं सांगणारे भेटतील. वाडग्याचा जोर वेगळा असतो.

---

देवरुखचा_लेथ

सगळ्यांचे आभार. गाउजचं निदान पटलं. वळणावर मूठ काठाला लागतेच, आणि टाचेची ती काळपट चकाकी माझ्याकडेही दिसते. ७० अंशांचा दुसरा गाउज करून घेतो.

२५ × १० घ्यायचं ठरवतोय. आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रेस्ट नेमका किती उंच ठेवायचा? करड्या दगडावर बर्र नीट येईल का? आणि हाच स्क्रॅपर पुढे निगेटिव्ह रेकचा करता येतो का, की त्याला वेगळंच हत्यार लागतं?

---

धारवाला

आधी उंची, कारण अपघात तिथेच होतात.

वाडग्याच्या आत धार केंद्रापेक्षा (लेथच्या फिरण्याच्या अक्षापेक्षा) किंचित वर असावी, २–३ मिमी. कारण आतल्या भिंतीची गोलाई. हत्याराचं टोक जोरानं खाली दबलं आणि ते केंद्राच्या वर असेल, तर खाली जाताना भिंत त्याच्यापासून लांब जाते आणि हत्यार मोकळ्या हवेत सुटतं. टोक आधीच केंद्राच्या खाली असेल, तर दबल्यावर भिंत त्याच्या जवळ येते, आणि ते जितकं दबेल तितकं खोल रुततं. वाडग्याच्या बाहेरून काम करताना सगळं उलट: धार केंद्रावर किंवा किंचित खाली.

शिवाय मूठ धारेपेक्षा थोडी वर हवी, पाचेक अंश. समजा पातं १० मिमी जाड, लोंबणं ४० मिमी आणि कल ५ अंश. कलामुळे टोक साधारण ३.५ मिमी उतरतं. म्हणजे धार रेस्टच्या माथ्यापासून साडेसहा मिमी वर येते. ती केंद्राच्या २ मिमी वर हवी असेल तर रेस्टचा माथा केंद्राच्या साडेचार मिमी खाली ठेवायचा. मापायला टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचा) टोकदार सेंटर पुढे आणा आणि पातं रेस्टवर ठेवून टोकाशी टोक जुळवून बघा. लोंबणं बदललं की उंची पुन्हा बघायची.

मध्यबिंदूवर थांबा. मध्य ओलांडून पलीकडे गेलात तर तिथे लाकूड खालून वर फिरत असतं आणि हत्यार रेस्टवरून उचललं जातं.

वेगाचा अंदाज: व्यास मिमीमध्ये घ्या आणि १,५०,००० ते २,२५,००० ला त्यानं भागा. २५० मिमीच्या वाडग्याला ६०० ते ९०० आरपीएम येतात. स्क्रॅपरसाठी खालच्या बाजूला राहा. थरथर सुरू झाली तर दाब वाढवून ती थांबत नाही. वेग शंभरेक आरपीएमनं खाली-वर करून बघा, धार ताजी करा, लोंबणं कमी करा. तरीही थांबली नाही तर चक तपासा. आंब्याचं लाकूड जबड्यांखाली दबतं आणि पकड ढिली होते, म्हणून मधे एकदा चक पुन्हा आवळायचा. चकमधला गोल खुंट जबड्यांच्या तळाला टेकलेला नसावा. जबड्यांचा माथा वाडग्याच्या खांद्याला टेकला पाहिजे.

आता दगड. करडा दगड कडक असतो, धार तापवतो आणि लवकर चकचकीत होऊन कापेनासा होतो. पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा ८० नंबरचा दगड बसवा आणि ड्रेसरनं तोंड सपाट करून घ्या. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधा ग्राइंडर २८०० आरपीएमच्या पुढे फिरतो, त्यामुळे हात हलका ठेवा. एचएसएस निळं पडलं तरी त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरत नाही. पण तापलेलं एचएसएस पाण्यात बुडवू नका, धारेला बारीक तडे जातात. कार्बन स्टीलचं उलट आहे: ते निळं पडलं की तेवढी धार गेली. सीबीएनचं (क्यूबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण कणांचं) चाक मिळालं तर १८० नंबरचं उत्तम, फक्त त्यावर साधं लोखंड घासू नका, चाक भरून जातं.

प्लॅटफॉर्म असा लावा की धारेचा कोन ७० ते ७५ अंश येईल. आधी पात्याचा माथा ६०० नंबरच्या डायमंड प्लेटवर सपाट फिरवून जुनी बर्र काढा. जुनीवरच नवी काढली तर ती वेडीवाकडी येते आणि जागोजागी तुटते. मग डावीकडून उजवीकडे एकाच सलग हालचालीत, कुठेही न थांबता, तीन-चार सेकंदांत धार फिरवा. ठिणग्या माथ्यावरून यायला लागल्या की झालं. अंगठ्याचं पोट माथ्यावरून धारेच्या बाहेरच्या दिशेला हलकेच ओढा, बर्र खरखरीत लागली पाहिजे. धारेच्या लांबीनं बोट कधीच फिरवू नका.

पात्याच्या खालच्या दोन्ही कडा कानशीनं मिलिमीटरभर गोल करा. नव्या पात्याच्या कडा तीक्ष्ण असतात आणि रेस्टवर खाचा पाडतात. त्या खाचांत हत्यार अडखळलं की तोच धक्का लाकडावर उमटतो.

---

काळाकुडा

निगेटिव्ह रेकचं मी लिहितो.

हो, हाच स्क्रॅपर बदलता येतो, पण बदलू नका. साधा आणि निगेटिव्ह रेक ही दोन वेगळ्या कामांची हत्यारं आहेत. १० मिमीचं जाड पातं साधं राहू द्या. पुढे निगेटिव्ह रेक हवा झाला तर २५ × ६ किंवा ८ मिमीचं स्वस्त पातं त्यासाठी पुरतं, कारण त्याला इतक्या हलक्या हातानं चालवायचं असतं की जोर येतच नाही.

त्यात माथ्यालाही उतार असतो. वरून ३० आणि खालून ३० अंश, धारेचा एकूण कोन ६०, ही सोपी रचना. वर २०–२५ आणि खाली ४५–५० असंही करतात, त्यात बर्र जरा दणकट येते. एकूण कोन ९० च्या बराच खाली राहिला पाहिजे, नाहीतर धारेखाली मोकळीक उरत नाही. आधी वरचा उतार घासा, मग खालचा. शेवटचा हात खालून लागला की बर्र वर येते. माथा पुढे झुकलेला असल्यामुळे धार लाकडात ओढली जात नाही, म्हणून हे हत्यार आडवं, जमिनीला समांतर, धार अगदी केंद्रावर ठेवून वापरतात. मूठ वर करायची गरज नाही. धार रेस्टच्या माथ्यापासून जितकी वर येते, तितकाच रेस्ट केंद्राच्या खाली ठेवायचा.

कापसासारखा बारीक गुंता निघाला तर बर्र जिवंत आहे. भुसा पडायला लागला की बर्र संपली, परत दगडाकडे. कठीण लाकडावर ती मिनिटभर टिकली तरी पुष्कळ. दाब वाढवून काहीही साधत नाही, फक्त लाकूड तापतं. म्हणून ग्राइंडर लेथपासून दोन पावलांवर असावा. लांब असेल तर माणूस मेलेल्या बर्रवरच काम ओढत राहतो.

आता लाकडाचं. निगेटिव्ह रेक घट्ट, कठीण लाकडावर चालतो: शिसव, बाभूळ, चिंच, वाळलेला फणस. शिसवावर तर इतका चांगला पृष्ठभाग येतो की २४० नंबरपासून घासायला घेता येतं. मऊ किंवा ओल्या लाकडावर तो कामाचा नाही. पांगारा, सावर, ओला आंबा यांचे रेषे बर्रखाली वाकतात, कापले जात नाहीत, आणि तळ लवदार होतो. तुमचं निम्मं काम आंब्याचं आहे, तेव्हा आत्ता ही खरेदी करूच नका.

आंब्यावर तोच २५ × १० चा स्क्रॅपर तिरका करून चालवा. पातं रेस्टवर सपाट न ठेवता एका कडेवर ४५ अंश कलतं करा आणि धारेचा खालचा अर्धा भागच लाकडाला लावा. धार तिरकी लागल्यामुळे रेषा खरवडला न जाता कापला जातो, आणि साल केसासारखी बारीक निघते. बाहेरच्या बाजूला ही पद्धत सोपी आहे. आत, तळाच्या सपाट भागात, जपून. धारेचा वरचा भाग चुकून टेकला तर पातं जोरात उलटतं. म्हणून आत तिरकं करताना कल कमी ठेवा, २०–३० अंश, आणि भिंतीच्या उभ्या भागाकडे जाऊ नका.

---

आडवी_रेष

काळाकुडा यांच्या शेवटच्या वाक्याला जोड. स्क्रॅपर फक्त खालच्या तिसऱ्या भागात, साधा असो की निगेटिव्ह रेक. वरची भिंत ८ मिमीपेक्षा पातळ झाली की ती स्वतःच आत-बाहेर हलते. स्क्रॅपर तिथे लावला तर कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो आला की हात मागे घ्यायचा, कारण त्यानंतरची पायरी काठ फुटण्याची असते. म्हणून काठ आधी पूर्ण करा: वरचे २५ मिमी शेवटच्या जाडीला आणा, गुळगुळीत करा, मग पुढचे २५. खाली उतरलात की पुन्हा वर यायचं नाही. मधलं लाकूड निघालं की काठ थोडा वेडावाकडा होतोच, आणि आता तो गोल राहिलेला नसतो.

हे ओल्या लाकडात फार लवकर होतं. कोकणात आंबा कापल्याबरोबर कातायला घेतात, नाहीतर निळा पडतो. तसं करायचं तर दोन टप्प्यांत करा. पहिल्यांदा भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ठेवा, २५० मिमीला २५ मिमी. रेषांची तोंडं उघडी असतील तिथे पातळ केलेलं फेव्हिकॉल किंवा मेण लावा, वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करून वाडग्याच्या तळावरच पेन्सिलीनं लिहीत जा. तीन-चार आठवडे वजन हललं नाही की दुसऱ्या टप्प्याला घ्या. पावसाळ्यात वजन उलट वाढेल, तेव्हा घाई करू नका. स्क्रॅपर चालवायचा तो या दुसऱ्या टप्प्यातच. पहिल्या टप्प्यात वळे राहिले तर राहू देत.

ओल्या आंब्याचा चीक अंगावर उडतो. आंबा, काजू, बिब्बा हे एकाच कुळातले; ज्यांना चिकानं कातडीवर फोड येतात त्यांनी पूर्ण बाह्यांचा पण मनगटाशी घट्ट शर्ट घालावा. हातमोजे मात्र लेथवर कधीच नाहीत. पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड लावा, नुसता चष्मा पुरत नाही. स्क्रॅपरचा आणि त्यानंतरच्या पॉलिश पेपरचा भुसा गाउजच्या ढलप्यांपेक्षा फार बारीक असतो, थेट छातीत जातो. शिसवाच्या भुश्याची तर पुष्कळांना ॲलर्जी होते. धुळीसाठी बनवलेला मास्क हवा, रुमाल नाही.

---

देवरुखचा_लेथ

२५ × १० ची ऑर्डर देतो, पांढरा दगड इथेच मिळेल. एक शेवटचं. एक वाळलेला आंब्याचा वाडगा चकवर आहे, तळाशी उपटलेल्या दोन पट्ट्या आधीच आहेत आणि तळाची जाडी १२ मिमी उरली आहे. नवा गाउज तयार झाला की तो अजून वाचेल का?

---

धारवाला

१२ मिमी असेल तर वाचेल. आधी नक्की मोजा. मध्यावर, अर्ध्यावर आणि वळणावर अशा तीन जागी कॅलिपर लावा. वळणावरची जाडी तळापेक्षा बहुधा कमी किंवा जास्त निघते आणि तिथेच आरपार जातं. चकमधला खुंट जाडीत मोजू नका, तो नंतर उडवायचा आहे.

मग चपडा लाख घ्या, १०० मिली स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम, रात्रभर विरघळू द्या आणि गाळून घ्या. लेथ बंद ठेवून त्या दोन पट्ट्यांवर ब्रशनं सढळ लावा, शोषली की पुन्हा लावा. अर्धा तास वाळू द्या. लाखेनं मोकळे रेषे ताठ होतात, हत्याराखाली वाकत नाहीत. ७० अंशांच्या गाउजला ताजी धार देऊन वळणापासून मध्यापर्यंत अर्ध्या मिलिमीटरचा एक कट घ्या, थांबून बघा. पट्ट्या अजून दिसत असतील तर पुन्हा लाख, पुन्हा कट. तीन-चार कटांत २ मिमी जातील, आणि उचकटणं त्यापेक्षा खोल सहसा नसतं. शेवटच्या कटाच्या आधीही एकदा लाख लावा.

त्यानंतर स्क्रॅपर: ताजी बर्र, ६०० आरपीएम, वळणापासून मध्याकडे दोनच हलके हात. पॉलिश पेपर १२० पासून सुरू करा. त्या दोन पट्ट्यांवर आधी लेथ बंद ठेवून रेषांच्या दिशेनं हातानं घासा आणि मगच लेथ चालू करा, म्हणजे आजूबाजूचा मऊ भाग उगाच खाल्ला जाणार नाही. तळ ८ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. खुंट उडवताना खालून २–३ मिमी आणखी जातातच.